शिडीवरून उतरली का?

"शिडीवर माणूस असेल तर लाईन सोडायची नाही, उना. मग घरी मूल रडत असो की इकडे आग लागो."

इलाईतिया मोमो निवृत्त व्हायच्या आदल्या दिवशी मला म्हणाले होते. मोमो म्हणजे मामा. आमचं रक्ताचं नातं काही नाही, पण सुवाच्या त्या नियंत्रण खोलीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला दुसरं काय म्हणणार? चटईवर यांगोनाचं, आमच्याकडच्या त्या मुळांच्या नशेच्या पेयाचं, लाकडी भांडं होतं, करवंटी हातोहात फिरत होती आणि मी सात महिन्यांची पोटुशी म्हणून माझ्यापुढे लिंबाच्या पानांचा चहा होता.

"मोमो, आता कोण चढतंय शिडीवर? सगळं स्क्रीनवर दिसतं," मी म्हटलं.

"स्क्रीनवर डिश दिसते. माणूस दिसतो का?"

"बरं बाबा, नाही सोडणार," मी म्हटलं. सगळे हसले, मीही हसले. मोमोंनी तरीही ते वाक्य लाल शाईने एका पुठ्ठ्यावर लिहून माझ्या टेबलाच्या वर चिकटवलं. पुढे त्याच्यावर मी बाळाचा फोटो टाचला.

आमचं विद्यापीठ बारा देशांचं आहे. बारा देश म्हटलं की मोठं वाटतं; त्यातले काही देश असे आहेत की सायकल घेतली तर दुपारच्या जेवणाला घरी परत. प्रत्येक बेटावर आमचं एक सेंटर: एक वर्ग, दहा-बारा कॉम्प्युटर, छपरावर डिश, मागे बॅटऱ्यांची खोली. प्राध्यापक सुवाला बोलतात, मुलं हजारो किलोमीटरवर वहीत उतरवून घेतात. मधला सगळा मार्ग सांभाळायचा तो आमच्या खोलीतून.

रोज सकाळी आठला हजेरी असते. सुवातून एक जण बोलतो आणि एकेक सेंटर उत्तर देतं. सिग्नल किती, बॅटरी किती, काय बिघडलं. सगळे सगळ्यांचं ऐकत असतात. सहा वर्षं तो एक आवाज माझा होता. मला तुवालूच्या म्हाताऱ्या लोतोआलाचा खोकला ओळखू यायचा. टोंगाची ओफा रात्री नवऱ्याशी भांडली असेल तर तिच्या "हो"वरून कळायचं. माझा नवरा अपाकुकी शांतिसेनेतून सिनाईला गेलेला, दीड वर्षात दोनदा घरी आला. त्याच्यापेक्षा या आवाजांशीच मी जास्त बोलले असेन. पण नोकरी होती कंत्राटावर. मोमो गेले आणि त्यांची कायम जागा रिकामी झाली. ती मलाच मिळणार असं सगळे धरून चालले होते. मी तर फारच.

मग माझं बाळंतपण आलं आणि माझ्या जागी तीन महिन्यांसाठी तारावाहून ताबेरा आली.

ताबेरा किरिबातीची; तारावा तिथलंच. रुंद खांदे, मोठ्याने हसणं, केसांत कायम एक पांढरं फूल. माझी वासिती तीन आठवड्यांची असताना ती आमच्या घरी आली. तिने स्वतः विणलेली लहानशी चटई आणली होती. वासिती त्या दिवशी सकाळपासून रडत होती. मी थकले, आई थकली. ताबेराने तिला उचललं, खांद्यावर टाकलं, कसलंसं गुणगुणली, आणि माझी लेक झोपली. आई म्हणाली, "पोरीला माणसाची पारख आहे हो!" मी हसले. ती चटई मी धुवायची म्हणून बाजूला ठेवली आणि मग कितीतरी दिवस धुतलीच नाही.

रजा संपवून परतले त्या सकाळी आठला मी नेहमीसारखं म्हटलं, "सुवा बोलतेय. टोंगा?"

"ताबेरा कुठेय?" ओफाचा आवाज.

"मी आलेय ना. उना."

"अगं हो, उना! बाळ कसंय? पण ताबेरा गेली का?"

तुवालूहून लोतोआला म्हणाला, "आज तालोफा नाही म्हणणार का कुणी?"

तेव्हा कळलं. ताबेरा प्रत्येक देशाला त्याच्या भाषेत नमस्कार करायची. टोंगाला मालो ए लेलेई, तुवालूला तालोफा, कुक बेटांना किया ओराना. वाढदिवस लक्षात ठेवायची. शुक्रवारी शेवटी गाणं म्हणायची, आणि अकरा देशांतून लोक सूर धरायचे. माझी सहा वर्षांची हजेरी म्हणजे नुसती हजेरी होती, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं.

"वेळ वाया जातो त्यात," मी म्हटलं. "सिग्नल सांगा."

त्यानंतर लोक नुसता सिग्नल सांगू लागले.

मी तिचं वाईट कधीच बोलले नाही, हे लक्षात घ्या. उलट शैलेंद्र सरांकडे जाऊन तिचं कौतुकच केलं. सर आमचे प्रमुख, सज्जन माणूस, फाइल आणि रोटी पार्सल एकाच पिशवीतून आणणारे. त्याच सुमारास कुक बेटांच्या पार उत्तरेच्या मोतुरेईची जागा रिकामी झाली होती. मी म्हटलं, "सर, ताबेराला पाठवा. लहान बेटांची सवय आहे तिला, लोकांना जिंकते ती." मोतुरेईला जेमतेम तीनशे माणसं. महिन्याला एक बोट. सर नेहमीसारखं माझं पूर्ण नाव घेऊन म्हणाले, "तुझं मन मोठं आहे, उनाइसी."

ताबेरा निघताना मला मिठी मारून म्हणाली, "तू सुचवलंस ना माझं नाव? सरांनी सांगितलं. थँक्यू गं." माझ्या नाकात तिच्या केसातल्या फुलाचा वास बराच वेळ राहिला.

वाटलं, संपलं. पण मोतुरेईसुद्धा हजेरीत असतंच की. तिथूनही ती हसायची. तिथल्या म्हाताऱ्या बायकांना कॉम्प्युटर शिकवायला लागली, त्यांच्या गमती सांगायची आणि अकरा सेंटरं ऐकत बसायची. माझ्याच लाईनवर, माझ्याच वेळात. आणि मग कायम जागेची जाहिरात निघाली तेव्हा अर्ज दोनच आले. एक माझा, एक तिचा.

एक गोष्ट सांगायची राहिली, ती सांगते, कारण सगळं तिच्यावर आहे. मोतुरेई वाररेषेच्या पलीकडे आहे. आमचा शुक्रवार उजाडतो तेव्हा त्यांचा गुरुवार चालू असतो. आमचं शनिवार-रविवार ऑफिस बंद. सोमवारी आम्ही हजेरीला बसतो तेव्हा तिकडे रविवार, सगळे चर्चमध्ये. म्हणून पलीकडच्या सेंटरांपुढे दर सोमवारी आम्ही एक फुली मारतो आणि पुढे जातो. म्हणजे शुक्रवारची हजेरी झाली की थेट मंगळवारपर्यंत त्यांचा आवाज कुणी ऐकत नाही. इतक्या वर्षांत त्यात कुणालाच काही खटकलं नव्हतं. स्क्रीनवर सेंटरचा दिवा हिरवा असला की झालं.

मुलाखत मंगळवारी सुवाला होती. ताबेरा त्यांच्या गुरुवारच्या बोटीने निघणार, शेजारच्या मोठ्या बेटावरून विमान पकडणार आणि आमच्या सोमवारी पोचणार, असं ठरलं होतं.

त्या शुक्रवारी सकाळी शैलेंद्र सर हजेरी ऐकायला माझ्या पाठीशी येऊन उभे राहिले. सोबत मुलाखतीसाठी बाहेरून आलेल्या एक बाई होत्या. वासितीला दात येत होते, मी चार तासही झोपले नव्हते. टेबलावर एका बाजूला फोन, त्यात घरच्या पाळण्यावर लावलेला कॅमेरा. दुसऱ्या बाजूला माझी वही. मागच्या महिन्यात वासितीला जुलाब झाले तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं, किती वेळा पिते आणि किती वेळा लंगोट ओला करते ते लिहीत जा. आकडा उतरायला लागला की थांबू नका, उचलून घेऊन या. जुलाब थांबले, पण माझं लिहिणं थांबलं नाही. आई म्हणायची, "अगं, ती मूल आहे, पाण्याचं मीटर नाही."

मोतुरेईचा सिग्नल दोन दिवस अर्ध्यावर आलेला होता. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा गोड आवाजात म्हटलं, "ताबेरा, दोन दिवस झाले, सिग्नल तसाच आहे. बोटीच्या तयारीत राहून गेलं वाटतं?"

"वाऱ्याने डिश हललीय गं," ती म्हणाली. "आज बोट आलीय, सगळं गाव तिकडे रीफच्या खडकांवर सामान उतरवायला गेलंय. मदतीला कुणी नाही. पण थांब, जातेच वर. निघायच्या आधी करून टाकते. उना, मी उतरेपर्यंत लाईनवर थांबशील? दहा मिनिटं."

"थांबते की," मी म्हटलं.

"सांभाळून गं बाई," ओफा मध्येच ओरडली. "तू चढलीस की शिडी टोंगा भाषेत रडते!"

"रडू दे, मला टोंगा येतं," ताबेरा म्हणाली, आणि अकरा देश हसले.

पाठीमागून सर त्या बाईंना हळूच म्हणाले, "हिच्यामुळे हजेरीला जीव येतो."

सहा वर्षं मी ती हजेरी घेतली होती. पोटात मूल घेऊन घेतली होती. माझ्याबद्दल ते वाक्य कधी कुणी बोललं नव्हतं.

उरलेली सेंटरं मी भराभर संपवली. आठ वाजून सतरा मिनिटांनी लाईन बंद करायची वेळ आली. विसरले, असं मी कुणालाही सांगू शकले असते, आणि सगळ्यांनी विश्वास ठेवला असता. पण मी विसरले नव्हते. माझं बोट मोतुरेईच्या कळीवर होतं. मला वाटलं, उतरून येईल, 'उना, उना' करेल, आणि इकडे कुणी नसेल. कळू दे तिला एकदा. कळ मी दाबली. आवाज गेला.

पाच मिनिटांनी मोतुरेईचा सिग्नल एकदम पूर्ण झाला. मी स्क्रीनकडे बघत बसले. पाच मिनिटांत! आमच्या सुवाच्या माणसांना अर्धा दिवस लागतो. माझ्या छातीत अशी काही कळ उठली की ती उतरली असेल का, हा विचार माझ्या मनात आलाच नाही. खरं सांगायचं तर आला. सिग्नल आला म्हणजे काम झालं, काम झालं म्हणजे उतरली, असं म्हणून मी तो परत पाठवला.

शनिवारी दुपारी घरी वासितीला पाजत होते. एका हातात फोन. मी कामाचे आलेख घरीही बघते. न बघता मला चैन पडत नाही. मोतुरेईचा विजेचा आलेख उघडला. तिथे सगळं सौर बॅटऱ्यांवर, म्हणून ताबेरा संध्याकाळी निघताना दिवे-पंखे सगळं बंद करायची. रोज त्यांच्या सहाला रेघ खाली यायची, पायरी उतरावी तशी. गुरुवारी रेघ उतरलीच नव्हती. रात्रभर सरळ.

मला इतका आनंद झाला की आईने विचारलं, "अपाकुकीचा मेसेज आला का?"

"नाही गं. कामाचं आहे."

बोटीवर जायच्या घाईत बाई दिवे चालू ठेवून गेल्या! कायम जागेवर बसायला निघाल्या आणि बॅटऱ्यांची ही काळजी! मी बाळाच्या वहीत, दुधाच्या आकड्यांखाली, लिहून ठेवलं: 'मोतुरेई, दिवे रात्रभर चालू. मुलाखतीत विषय काढणे.' रविवारी परत बघितलं. दुसरी रात्रही सरळ. त्याखाली एक रेघ वाढवली.

सोमवारी सकाळी मी आठच्या आधीच जाऊन बसले. विमानतळावर गेलेला ड्रायव्हर रजनेश रिकामा परत आला होता.

"मॅडम आल्याच नाहीत. पाटी धरून उभा राहिलो, एक गोरा मला विचारतो, 'ताबेरा हे हॉटेल आहे का?'"

सर म्हणाले, "बोट रखडली असेल. पण मुलाखत काही पुढे ढकलता येणार नाही, त्या बाई बुधवारी परत जाणार." मग माझ्याकडे बघून, "तू तयारी कर, उनाइसी."

म्हणजे मी एकटीच. मी फुल्या मारायला घेतल्या. कुक बेटं, फुली. मोतुरेई, फुली. आणि मग, दिव्यांची तक्रार नीट पुराव्यासकट मांडावी म्हणून, आलेख मोठा करून उघडला.

फोनच्या लहानशा पडद्यावर जी रेघ सरळ वाटली होती ती सरळ नव्हती. तिला मधेमधे बारीक दात होते. एकेक मिनिटाची उसळी. असा दात फक्त पाण्याच्या पंपाचा येतो. सेंटरच्या मागे टाकी आहे, तिचा नळ उघडला की पंप आपोआप सुरू होतो. कुलूप लावून गेलेल्या सेंटरमागे पाणी कोण पीत होतं?

मी वही ओढली आणि मोजलं. गुरुवारी दुपारपासून रात्रीपर्यंत नऊ. शुक्रवारी सहा. शनिवारी तीन. आज, त्यांच्या रविवारी, पहाटेपासून एकही नाही.

नऊ, सहा, तीन, काही नाही. वरच्याच पानावर माझ्या अक्षरात वासितीचे आकडे होते. आकडा उतरायला लागला की थांबू नका.

मी वर बघितलं. बाळाच्या फोटोच्या कडेतून मोमोंची लाल अक्षरं डोकावत होती.

सेंटरचा फोन लावला. वाजत राहिला. तिचा मोबाइल वाजत राहिला. बेटावरच्या पोलिसाचा, नर्सचा, दुकानाचा. मोतुरेईला रविवारी सकाळी दहाला फोन उचलणारा माणूस नसतो. फोन घरी, माणसं चर्चमध्ये.

सेंटरच्या छपरावर एक भोंगा आहे. वादळ आलं की सुवातूनच आम्ही त्यावर सूचना देतो.

"सर, मला मोतुरेईचा भोंगा उघडायचाय."

"वादळ नसताना? आणि रविवारी? उनाइसी, त्यांच्या मंत्र्याचा फोन येईल मला. काय झालंय?"

"सर, पंप बघा. कुणीतरी पाणी पीत होतं, आता पीत नाहीये."

"शेळी असेल."

"शेळी नळ उघडत नाही, सर."

"उद्या मुलाखत आहे तुझी. आज असं काही खोटं निघालं ना, तर मी तुझ्या बाजूने काही बोलू शकणार नाही. समजतंय का?"

समजत होतं. हेही समजत होतं की एक वाक्य बोलले तर ते लगेच हो म्हणतील: 'सर, ती शिडीवर होती आणि मी लाईन सोडली.' ते वाक्य माझ्या तोंडात येऊन उभं राहिलं आणि मी ते गिळलं. त्याऐवजी म्हटलं, "खोटं निघालं तर मी अर्ज मागे घेते."

सरांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "सायरन नको. नुसता आवाज."

मी भोंगा उघडला, वर्गातला माइकही उघडला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं ते हेच:

"किया ओराना, मोतुरेई. सुवा बोलतेय. ताबेरा शिडीवरून उतरली का?"

थांबले. माइकमधून लांबून प्रार्थनागीत ऐकू येत होतं.

"ताबेरा शिडीवरून उतरली का? कुणीतरी बघा. ताबेरा शिडीवरून उतरली का?"

किती वेळा म्हटलं आठवत नाही. गाणं अडखळलं, परत सुरू झालं, मग थांबलं. बऱ्याच वेळाने वर्गाच्या खिडकीशी एक म्हातारा, संतापलेला आवाज आला.

"कोण गं तू? तिकडे पाद्रीबाबा देवाशी बोलताहेत आणि तू मध्ये तोंड घालतेस?"

"आजी, मी सुवाहून—"

"सुवात रविवार नसतो वाटतं?"

"इथे सोमवार आहे, आजी. ताबेरा..."

"ताबेरा गेली गुरुवारी. बोटीने."

"बोटीवर चढताना बघितलं तुम्ही?"

"मी कशाला बघू? सगळे म्हणाले गेली. मग इकडे गावाबाहेर कोण कशाला येईल?"

"मागे टाकीपाशी जाऊन बघा. आजी, पाया पडते तुमच्या."

"पाया देवाच्या पड," ती म्हणाली, पण पावलं वाजली. सावकाश, चपला घासत, दूर जाणारी.

मी घड्याळ बघितलं नाही. माझ्यामागे सर उभे होते, रजनेश उभा होता. मग एक किंकाळी, आणि त्यानंतर धावणारी पावलंच पावलं, बायकांचे आवाज, फळीसाठी कुठलंसं दार उखडल्याचा आवाज. शेवटी म्हातारीच परत आली. आता तिचा आवाज वेगळाच होता.

"अगं पोरी," ती म्हणाली, "जिवंत आहे. मांडी मोडलीय. नळाखाली पडलीय. तू जाऊ नकोस हं. बोलत राहा."

मी गेले नाही. नर्स आली, फळीवर बांधलं, होडी मिळेना, मग मिळाली. चार तास मी लाईनवर होते. घरून आईचे फोन येत होते. कॅमेऱ्यात वासिती तोंड लाल करून रडताना दिसत होती. माझा ब्लाउज दुधाने भिजून गेला. मी हलले नाही. जे शुक्रवारी दहा मिनिटं करायचं होतं ते मी सोमवारी चार तास केलं.

मंगळवारी मुलाखत झाली. जागा मला मिळाली. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "ही बाई पंपाचे दात मोजत बसली म्हणून एक जीव वाचला." टाळ्या वाजल्या. ओफाने हजेरीत माझ्यासाठी गाणं म्हटलं, अकरा देशांनी सूर धरला. मला हवं होतं ते सगळं एकाच आठवड्यात मिळालं. आता दर सोमवारी फुलीऐवजी पलीकडच्या प्रत्येक बेटावर चर्चच्या आधी एक फोन जातो. तो नियम माझ्या नावाने ओळखला जातो. शुक्रवारी सकाळी आठ सतराला काय झालं, ते कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. आज पहिल्यांदा सांगतेय.

ताबेराला ऑकलंडला नेलं, मांडीत सळई घातली. महिन्याने तिचा मेसेज आला. शब्दन् शब्द पाठ आहे मला. 'उतरताना शेवटून चौथी पायरी मोडली. मी हाका मारत होते, कुणी नव्हतं. मग खूप वेळाने भोंग्यातून तुझा आवाज आला. मला वाटलं, उना अजून लाईनवरच आहे.'

तिला खरंच तसं वाटतं, की तिने मला सोडवण्यासाठी तसं लिहिलं, हे मला आजवर कळलेलं नाही. आणि हे वाचून माझ्या मनात पहिलं काय आलं, तेही लिहिते, आता लपवून काय उपयोग. मनात आलं: बघा, इथेही हीच माझ्यापेक्षा चांगली ठरली.

ती आता तारावाला परत गेली आहे. नोकरी सोडली. मी फोन करते तेव्हा ती हसते, वासितीला दात किती आले विचारते, आणि स्वतःचं विचारलं की म्हणते, "ठीक आहे गं." तारावाचं सेंटरही हजेरीत तेच सांगतं, "ताबेरा ठीक आहे." ठीक आहे हा शब्द मी आता हिरव्या दिव्याइतकाच मानते. मी स्वतः जायला हवं. दोनदा तिकीट काढलं, दोनदा बाळाचं कारण सांगून रद्द केलं. वासिती आता ताबेराच्याच चटईवर झोपते. मी ती धुतली अखेर.

तुमच्यापैकी कुणी जहाजावर असेल, तारावाला माल उतरवत असेल, किंवा तिकडे कुणी ओळखीचं असेल, तर तिथल्या बेतिओ बंदराला जा. धक्क्यापासून लांब नाही. कुणालाही विचारा, मोठ्याने हसणारी ताबेरा कुठे राहते. तिचं घर जमिनीपासून उंच आहे, दाराशी तीन-चार लाकडी पायऱ्या आहेत. ती वरूनच हात हलवेल, ठीक आहे म्हणेल. तेवढ्यावर परत फिरू नका. तिला खाली यायला सांगा, आणि ती शेवटची पायरी उतरेपर्यंत तिथून हलू नका. मग मला कळवा.